ड्रॉवरमधली शून्यं

अंबडला, एक्स्लो पॉइंटवरून आत,
पहिल्या पाळीचा भोंगा व्हायच्या आधी
मी गेटवरच्या पाटीचा आकडा बदलतो.
अपघाताविना दिवस :
चारशे अकराचे चारशे बारा.
पत्र्याचे अंक, तीन खिळ्यांवर तीन.
तिन्ही शून्यं एकदम लागतील
अशी सकाळ माझ्या काळात आलेली नाही.
ती ड्रॉवरमध्ये असतात,
जुन्या हजेरीकार्डांच्या गठ्ठ्याखाली.
रंग अजून नवा.

चारशेव्या दिवशी पेढे वाटले.
मॅनेजर म्हणाले, लोंढे, आलेख बघा,
कसा गाढ झोपलाय.

हिरामण गांगुर्डेच्या अंगठ्याला टाके पडले
तो दिवस दोनशे सत्त्याण्णवावा.
सुपरवायझरने त्याला आपल्याच मोटारसायकलवर
त्रिमूर्ती चौकातल्या खाजगी दवाखान्यात नेलं,
रजेच्या अर्जावर लिहून घेतलं : घरगुती कारण.
घरी विळी असेलच की,
असं मीही मनाला सांगितलं
आणि सकाळी दोनशे अठ्ठ्याण्णव लावले.
हात थरथरला वगैरे नाही.

पुढचा अपघात आधी ओळखता येतो का,
हे मोजायला पुण्याहून एक बाई आल्या.
अपघातांची नोंद मागितली. दिली. कोरी.
थोडक्यात वाचल्याची वही मागितली.
तीही दिली. तीही कोरी.
पानं उलटत राहिल्या, शेवटच्या पुठ्ठ्यापर्यंत.
एकशे ऐंशी माणसं, अकरा प्रेस, तेरा महिने,
आणि कुणाचा पायसुद्धा घसरला नाही?
नाही, मी म्हटलं.
बाईंनी वही मिटली.
मग मला भीती वाटते, म्हणाल्या.
चहा तसाच ठेवून गेल्या.

त्यांना पौर्णिमा खैरनारकडे न्यायला हवं होतं.
ती तेल पुसते.
सात नंबरखाली भुसा किती लागला,
ओंजळभर की घमेलंभर,
त्यावरून तिला कळतं सील कधी फुटणार.
महिनाअखेरीला, माल निघायची घाई असते तेव्हा,
तिसऱ्या पाळीतली पोरं दोनांपैकी एक बटण
आगपेटीची काडी खोचून दाबून ठेवतात,
एक हात मोकळा राहावा म्हणून.
त्या काड्या तिच्या सुपलीत येतात.
मार्चमध्ये चौदा आल्या होत्या.
तिने सांगितलं नाही.
तिला कुणी विचारलं नाही.
मी तिच्या सुपलीला ओलांडून
रोज पाटीकडे जात होतो.

मग मी एक पेटी लावली, कुलपाची.
नाव घालू नका, फक्त लिहा.
नऊ दिवस आत काहीच नाही,
एकदा गायछापची पुडी, तीही रिकामी.
दहाव्या दिवशी शाळेच्या वहीचा चतकोर निघाला,
अक्षर कुणाच्या तरी मुलीकडून काढून घेतलेलं,
वळणदार :

साहेब रोज पाटी बदलताना
तेलाच्या रिकाम्या डब्यावर चढतात.
डबा डुगडुगतो.
बघून पोटात गोळा येतो.
एक दिवस पडतील.

मी ते दोनदा वाचलं.
दुसऱ्यांदा वाचताना उठून
डब्याला पायाने ढोसून पाहिलं.
खरंच डुगडुगत होता. किती वर्षं, कुणास ठाऊक.
चिठ्ठी वहीत चिकटवली, पहिल्या पानावर.
जखमी : कुणी नाही.
होऊ शकला असता : मी.
खाली जागा उरली होती,
तिथे दोनशे सत्त्याण्णवावा दिवस लिहिला,
सुपरवायझरचं नाव लिहिलं, माझंही.
मॅनेजरांना अजून दाखवलेलं नाही.

सकाळी ड्रॉवर उघडला,
तिन्ही शून्यं फडक्याने पुसली.
शिडी स्टोअरमध्ये होती, किल्ली स्टोअरकीपरकडे,
तो आठला येतो.
गेटमधून हिरामण आत येत होता.
म्हटलं, जरा डबा धर रे.
त्याने डबा नीट धरला, वर माझ्याकडे पाहत,
अंगठा बाहेर ठेवून,
चार चार बोटांनी.